विमान ध्वनीच्या पुढे, दणका आपल्या माथी

(द्वितीय वर्ष कला, रांजणगाव गणपती)

उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. दुपारची जेवणे उरकून आमच्या वस्तीवर सगळे जरा लवंडले होते. एकाएकी आभाळातून असा दणका आला की गोठ्याचे पत्रे थरारले, मांडणीवरची भांडी वाजली आणि पाळण्यातली माझी पुतणी दचकून रडू लागली. वडील म्हणाले, "खाणीत सुरुंग उडवला असेल." शेजारच्या तात्यांनी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या बॉयलरवर संशय घेतला. आजी तेवढी म्हणाली, "सुरुंग एकदा वाजतो रे बाबा. हे दोनदा वाजलं. धाड्-धाड्, असं." आजीच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिले नाही. पुतणी मात्र त्या दिवशी पुन्हा झोपली नाही.

कॉलेज उघडल्यावर मी ही हकीकत विज्ञानाच्या एका प्राध्यापकांना सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आवाज एक होता की दोन?" मी म्हणालो, "आजी म्हणते दोन." सर हसून म्हणाले, "मग तुझ्या आजीचे कान शाबूत आहेत. लागोपाठ दोन दणके ही ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या विमानाची खूण असू शकते." ते विमान कोणाचे, कोठून आले, कोठे गेले, हे कळण्यास मार्ग नव्हता आणि तो या लेखाचा विषयही नाही. पण आवाज दोनच का, तो मुळात होतो कसा, आणि तो कमी करता येईल काय, हे प्रश्न डोक्यात राहिले. सरांनी वाचायला दिलेल्या पुस्तकांतून जे समजले ते येथे मांडीत आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. तेव्हा गणिताची सूत्रे टाळून विषय सांगण्याचा प्रयत्न करतो.

ध्वनीच्या पुढे जाणे म्हणजे काय?

वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा ऐकू येतो, हे आपण सर्वजण जाणतो. ध्वनीला एक किलोमीटर अंतर कापण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणजे जमिनीलगत त्याचा वेग ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर पडतो. हवा जितकी थंड तितका हा वेग कमी. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान शून्याखाली ५६ अंशांच्या आसपास असते आणि तेथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर भरतो. विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या किती पट आहे हे सांगणाऱ्या आकड्याला 'माक अंक' म्हणतात. एर्न्स्ट माक या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८८७ साली बंदुकीच्या धावत्या गोळीभोवती हवेत उमटणाऱ्या तरंगांची छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्यावरून हे नाव पडले. माक अंक एकाच्या वर गेला की त्या विमानाला 'स्वनातीत' म्हणावयाचे. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर या अमेरिकन वैमानिकाने सरळ उड्डाणात ही मर्यादा प्रथम ओलांडली.

मर्यादा ओलांडल्यावर हवेचे काय होते ते पालखीच्या दृष्टान्ताने पाहू. पालखीच्या पुढे चोपदार चालतो. त्याची ललकारी ऐकून गर्दी आधीच बाजूला सरते आणि पालखी सुखाने पुढे जाते. विमानाचा चोपदार म्हणजे ध्वनी. विमान हळू जात असेल तर त्याच्या दाबाची वार्ता ध्वनीच्या वेगाने पुढे पोहोचते आणि समोरची हवा वाट देते. पण पालखीच चोपदाराला मागे टाकून धावत सुटली तर? समोरच्या माणसांना वार्ता मिळणार नाही आणि एकदम चेंगराचेंगरी होईल. स्वनातीत विमानापुढची हवा अशीच बेसावध सापडते. अत्यंत पातळ थरात तिचा दाब क्षणात वाढतो. यालाच 'आघात तरंग' म्हणतात. हा तरंग जमिनीपर्यंत पोहोचला की आपल्याला दणका ऐकू येतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमान ध्वनीची मर्यादा ओलांडते त्या एका क्षणीच दणका होतो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. घोड धरणाच्या पाण्यात नाव वेगाने चालली की तिच्या दोन्ही बाजूंना लाटांची फाकलेली शेपूट निघते आणि नाव चालते तोवर ती शेपूट तिच्यामागे फरफटत असते. काठावरच्या माणसाला लाट एकदाच लागते, पण नाव पुढे जाते तशी ती काठावरच्या प्रत्येकाला लागत जाते. विमानाचेही तसेच. स्वनातीत वेगाने ते जेथून जेथून जाईल, त्या संपूर्ण वाटेवर खाली दणक्याची चादर पसरत जाते. ढोबळ हिशोब असा की उंचीच्या दर हजार फुटांमागे या चादरीची रुंदी एक मैल धरावी. म्हणजे ५०,००० फुटांवरून जाणारे विमान सुमारे ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटर रुंदीचा पट्टा दणाणून सोडील. असे विमान शिरूरवरून गेले तर दोन्ही बाजूंच्या दूरदूरच्या गावांतले लोक त्या पट्ट्यात येतील. वरून जाणाऱ्यांचे दोन तास वाचतील. त्याची किंमत मात्र खालचे हजारो लोक भरतील, आणि त्यांपैकी कोणी तिकीट काढलेले नसेल. हा प्रश्न केवळ शास्त्राचा नाही, न्यायाचाही आहे, तो यामुळेच.

आवाज दोन का?

विमानाच्या नाकापासून, वैमानिकाच्या काचेपासून, पंखांपासून, इंजिनाच्या तोंडापासून आणि शेपटीपासून असे अनेक आघात तरंग निघतात. ते सारे वेगवेगळे खाली आले असते तर बरे झाले असते. पण दाबली गेलेली हवा किंचित गरम होते आणि गरम हवेत तरंग अधिक वेगाने जातो. त्यामुळे जोरदार तरंग पुढच्यांना गाठतात, कमजोर मागे पडतात, आणि दहा-पंधरा किलोमीटरच्या प्रवासात सगळे मिळून दोनच गट उरतात : एक नाकाकडचा, दुसरा शेपटीकडचा. जमिनीवर दाब मोजला तर तो एकदम वर उडी घेतो, मग सरळ उतरत नेहमीच्या दाबाच्याही खाली जातो आणि पुन्हा उडी घेऊन पूर्ववत होतो. कागदावर काढल्यास इंग्रजी 'एन' या अक्षराची आकृती होते. दोन उड्या म्हणून दोन दणके. लढाऊ विमान लहान असते, त्यामुळे त्याचे दोन दणके सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतक्या अंतराने येतात. कॉंकॉर्डसारख्या लांब विमानाचे त्याच्या साधारण तिप्पट अंतराने. आजीने जे ऐकले ते या 'एन'चे दोन पाय असावेत.

दाबाची ही उडी मोठी असते असे मात्र नाही. कॉंकॉर्डची उडी सुमारे ९३ पास्कल होती. हवेचा नेहमीचा दाब एक लाख पास्कलच्या वर असतो. म्हणजे ही वाढ हजारात एकाहूनही कमी. एखादी टेकडी चढताना-उतरताना याहून कितीतरी मोठा फरक आपण सोसतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मग कान का दचकतो? कारण तो दाब किती वाढला यापेक्षा किती झटकन वाढला याला घाबरतो. दार हळूच लोटले तर झोपलेले मूल उठत नाही. तेच दार आपटले तर उठते. ही साधी गोष्ट पुढच्या सर्व संशोधनाची किल्ली आहे. दणका नाहीसा करता येणार नाही, कारण विमानाला वजन आहे आणि ते हवेनेच तोलले पाहिजे. पण दाबाची ती उडी मोडून तिचा उतार करता येईल. आपटणारे दार लोटता येईल.

लोकांनी दिलेला कौल

१९६० च्या दशकात अमेरिका, ब्रिटन-फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया असे तिघेही स्वनातीत प्रवासी विमानांच्या मागे लागले होते. दणका लोकांना कितपत चालेल हे पाहण्यासाठी अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी या शहरावरून १९६४ च्या फेब्रुवारीपासून सहा महिने रोज अशी उड्डाणे केली गेली. एकूण १,२५३ दणके त्या शहराने ऐकले. काचा फुटल्या, हजारोंनी तक्रारी आल्या, आणि शेवटी विचारणा केली तेव्हा चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांनी हे आपल्याला सोसवणार नाही असे सांगितले. १९७१ साली अमेरिकेच्या संसदेने त्या देशातील विमानाचा पैसा बंद केला. १९७३ साली प्रवासी विमानांना अमेरिकेच्या भूमीवरून स्वनातीत वेगाने जाण्यास बंदी झाली.

कॉंकॉर्ड मात्र झाले. २१ जानेवारी १९७६ रोजी त्याची प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि ऑक्टोबर २००३ मध्ये ती थांबली. एकेकाळी आपल्या एअर इंडियानेही दोन कॉंकॉर्ड राखून ठेवली होती. पुढे तो बेत सोडून देण्यात आला. लंडन ते सिंगापूर अशी सेवा १९७७ साली सुरू झाली, पण मलेशियाने आवाजाची तक्रार केली आणि भारताच्या आकाशात त्या विमानाला स्वनातीत वेगाने जाता येईना. १९८० साली ती सेवा बंद पडली. अटलांटिक महासागर ओलांडण्यापुरतेच कॉंकॉर्ड उरले. इंजिनात दम होता, वैमानिकात कसब होते, पण जमिनीवरच्या माणसांचा होकार नव्हता. तो नसल्यामुळे एवढे अजोड यंत्र समुद्रापुरते राहिले.

कागदावरचा हिशोब

ज्या वर्षांत लोक तक्रारी करीत होते, त्याच वर्षांत काही गणिती मंडळी शांतपणे कामाला लागली होती. विमानाजवळचे तरंग दूर जाताना कसे बदलतात याचे गणित व्हिटम या ब्रिटिश गणितज्ञाने १९५२ साली मांडले. पुढे सीबस आणि जॉर्ज या अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला. या विमानाचा दणका किती, असे न विचारता त्यांनी विचारले : सौम्य दणका हवा असेल तर विमानाची जाडी आणि पंखांवरचा भार नाकापासून शेपटीपर्यंत कसा वाटून द्यावा?

या कामात एका स्त्रीचे नाव आदराने घेतले पाहिजे. क्रिस्टीन डार्डन १९६७ साली नासाच्या लँगली केंद्रात रुजू झाल्या तेव्हा तेथे हाताने आकडेमोड करणाऱ्या स्त्रियांच्या विभागात त्यांची नेमणूक झाली. या स्त्रियांनाच त्या काळी 'कॉम्प्युटर' म्हणत. कृष्णवर्णीय आणि त्यात स्त्री, म्हणून गणितातील पदव्युत्तर पदवी असूनही अभियंत्याचे काम त्यांना मागून घ्यावे लागले. ते मिळाल्यावर त्यांनी दणक्याचे गणित करणारी संगणकीय पद्धत तयार केली आणि पुढे या विषयावरील गटाचे नेतृत्व केले. ज्या बाईला लोक 'संगणक' म्हणत, तिनेच खऱ्या संगणकाला हे काम शिकवले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

गणित बरोबर आहे काय, याचा पुरावा मिळण्यास २००३ साल उजाडले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये एफ-५ जातीच्या एका जुन्या लढाऊ विमानाचे नाक हिशोबाप्रमाणे फुगवून बदलण्यात आले आणि त्याच जातीचे न बदललेले विमान थोड्या अंतराने त्याच्यामागून उडवण्यात आले. जमिनीवरच्या यंत्रांनी दोन्ही दणके टिपले. बदललेल्या विमानाच्या 'एन'चा पहिला सुळका चपटा झालेला होता, आणि तो हिशोबात दिसला होता तसाच. नुसता आकार बदलून दणका बदलता येतो, हे आकाशात सिद्ध झाले.

संगणकातले विमान

आता या विषयाचा गाभा. पूर्वी विमानाचा आकार ठरवायचा म्हणजे लाकडाचे किंवा धातूचे लहान नमुने करून ते वातविवरात, म्हणजे कृत्रिम वारा वाहणाऱ्या बोगद्यात, ठेवून पाहावयाचे. प्रत्येक नमुन्यास पैसा आणि महिने लागत. शिवाय बोगद्याच्या भिंती जवळ असल्याने दूरवर जाणाऱ्या तरंगाचा अंदाज तेथे नीट येत नाही. संगणकावर हेच काम आकड्यांनी करतात. त्यास सदृशीकरण म्हणतात.

आमच्या भागातील कांद्याचे रान डोळ्यासमोर आणावे. रानाचे वाफे पाडलेले असतात आणि पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात जाते. जेवढे पाणी एका वाफ्यातून निघाले तेवढेच शेजारच्यात शिरले पाहिजे; मध्ये ते गडप होत नाही. संगणकात विमानाभोवतीच्या हवेचे असेच वाफे पाडतात, फक्त ते तीन दिशांचे आणि कोट्यवधी असतात. विमानाच्या अंगाजवळ आणि आघात तरंगांच्या वाटेवर ते अगदी बारीक, लांब मोठे. प्रत्येक वाफ्यात हवेचा दाब, घनता, वेग आणि तापमान लिहिलेले असते. हवेचे वस्तुमान, तिचा संवेग आणि तिची ऊर्जा नाहीशी होत नाही, एवढा निसर्गाचा नियम धरून संगणक प्रत्येक वाफ्याचा शेजाऱ्यांशी हिशोब जुळवतो. एका फेरीत तो जुळत नाही. पुन्हा, पुन्हा, हजारो फेऱ्या केल्यावर आकडे स्थिरावतात आणि विमानाभोवतीच्या तरंगांचे चित्र तयार होते.

हे झाले विमानाजवळचे. जमिनीपर्यंत एवढे बारीक वाफे पाडणे मोठमोठ्या संगणकांनाही झेपत नाही. म्हणून विमानापासून त्याच्या काही लांबी अंतरावर मिळालेला तरंग घेऊन दुसऱ्या, सोप्या समीकरणाने त्याला खाली उतरवतात. वाटेत उंचीनुसार बदलणारे तापमान, वारा आणि आर्द्रता यांचा हिशोब धरतात. शेवटी हाती येते ती जमिनीवरच्या दाबाची आकृती. ती कानाला किती मोठी भासेल हे डेसिबलमध्ये काढतात.

खरी खुबी पुढे आहे. आवाज जास्त आला तर विमानाचा कोणता भाग बदलावा? अंगावरच्या प्रत्येक ठिकाणी थोडा फरक करून पुन्हा पुन्हा पाहत बसलो तर जन्म पुरणार नाही. म्हणून हिशोब उलट्या वाटेने चालवतात. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचले नाही तर शेतकरी बांधाबांधाने मागे येत, दारे कोठे फुटले ते शोधतो. तसे जमिनीवरच्या आवाजापासून मागे मागे येत, विमानाच्या अंगावरची कोणती जागा या आवाजास किती जबाबदार आहे, हे एकाच उलट्या हिशोबात निघते. मग तेथे थोडे भरावयाचे, येथे थोडे तासावयाचे, आणि पुन्हा सुलट हिशोब करावयाचा. अशा अनेक येरझाऱ्यांनंतर जो आकार राहतो तो कोणा एकाच्या कल्पनेतून आलेला नसतो. हिशोबाने तासत तासत आणलेला असतो.

एक्स-५९

या पद्धतीने घडलेले विमान म्हणजे नासासाठी लॉकहीड मार्टिन कंपनीने बांधलेले एक्स-५९. जानेवारी २०२४ मध्ये ते लोकांना दाखवण्यात आले आणि २८ ऑक्टोबर २०२५ रोजी कॅलिफोर्नियात त्याने पहिले उड्डाण केले. ते पहिले उड्डाण कमी वेगाचे होते. यंत्रे नीट चालतात की नाही एवढेच त्यात पाहावयाचे होते. विमानाची लांबी सुमारे ३० मीटर, पंखांचा विस्तार जेमतेम ९ मीटर, आणि लांबीचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसते नाक! लांब अंगामुळे तरंग एकमेकांपासून दूर राहतात आणि त्यांची गाठ पडण्याआधीच जमीन येते. इंजिन पाठीवर बसवले आहे, त्यामुळे त्याच्या तोंडाचे तरंग खाली न येता वर जातात. वैमानिकापुढे काच नाही, कारण काचेचा उंचवटाही तरंग निर्माण करतो. समोरचे दृश्य तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहतो.

५५,००० फुटांवर ध्वनीच्या १.४ पट वेगाने जाताना त्याचा आवाज जमिनीवर सुमारे ७५ डेसिबल भासावा असे उद्दिष्ट आहे. कॉंकॉर्डचा सुमारे १०५ होता. दर दहा डेसिबलला आवाज निम्मा भासतो असे ढोबळमानाने धरले, तर तीस डेसिबलचा फरक म्हणजे आवाज आठव्या हिश्श्यावर येणे. मोटारीचे दार थोड्या अंतरावर लागावे, तेवढा.

दुसरीही एक वाट आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी बूम या अमेरिकन कंपनीच्या एक्सबी-१ या विमानाने ध्वनीची मर्यादा ओलांडली, तरी दणका जमिनीवर ऐकू आला नाही, असे कंपनीने जाहीर केले. खालची हवा गरम असल्यामुळे खाली येणारा तरंग वळत वळत पुन्हा वर जातो; रणरणत्या उन्हात डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसते, त्यासारखाच हा प्रकार. वेग ध्वनीहून थोडाच जास्त असेल तेव्हाच हे साधते, आणि त्या दिवशीच्या हवामानाचा हिशोब अचूक असावा लागतो. म्हणजे येथेही संगणक आलाच. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी १९७३ ची बंदी उठवून तिच्या जागी आवाजाची मर्यादा ठरवण्याचा आदेश काढला.

आपल्याकडचे धागे

हे सारे सातासमुद्रापलीकडचे आहे, असे कोणी म्हणेल. पण धागे येथवर पोहोचतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू गावी १९०८ साली जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. हवेच्या प्रवाहाचे आधुनिक शास्त्र ज्यांच्यापासून सुरू होते तेच हे प्रांटल. परत आल्यावर घाटगे यांनी बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान घडवले. ते १९५१ साली उडाले. १९६१ साली उडालेल्या मारुत या लढाऊ विमानाच्या कामातही त्यांचा वाटा होता. मारुतची रचना ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी होती, पण तिला साजेसे इंजिन मिळाले नाही.

आज नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात स्वनातीत विमाने तयार होतात. पूर्वी मिग, नंतर सुखोई, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. दणका ही आपल्यासाठी ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. मे २०२० मध्ये बंगलोर शहर अशाच आवाजाने हादरले. तो हवाई दलाच्या चाचणी उड्डाणाचा होता, आणि विमान दूर असले तरी असा आवाज ६५ ते ८० किलोमीटरवर ऐकू येऊ शकतो, असा खुलासा नंतर झाला.

हिशोबाचे यंत्रही आपल्या जिल्ह्याला परके नाही. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. त्याची युक्ती आपल्या इर्जिकीसारखी आहे. एकट्याने न होणारे काम सारा गाव एकत्र येऊन उरकतो, तसे अनेक लहान संगणक एकच गणित आपापसांत वाटून घेतात. प्रत्येकाने आपापले वाफे सांभाळावयाचे आणि बांधावर शेजाऱ्याला आकडे सांगावयाचे. कोट्यवधी वाफ्यांचा हिशोब अशा इर्जिकीनेच उरकतो.

निवाडा कानाचा

आता कला शाखेच्या माझ्या मित्रांसाठी दोन शब्द. संगणक ७५ डेसिबल असा आकडा सांगू शकतो. तो आवाज सोसवेल काय, हे तो सांगू शकत नाही. 'सोसवणे' हा शब्द गणिताचा नव्हे, माणसाचा आहे. म्हणूनच नासाने २०१८ साली टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन येथे सौम्य दणके घडवून सुमारे पाचशे स्वयंसेवक नागरिकांचे अभिप्राय घेतले, आणि एक्स-५९ ची चाचणी पुरी झाल्यावर ते वस्त्यांवरून नेऊन लोकांना विचारण्याचा बेत आहे. ती उत्तरे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे ठेवली जातील आणि त्यांच्या आधारे नियम ठरतील. भारत त्या संघटनेचा सभासद आहे. नियम झाला की तो आपल्याही आकाशाला लागण्याचा संभव आहे.

मला वाटते, खरा प्रश्न येथेच आहे. अमेरिकेतली घरे बंद काचांची, जाड छपरांची. आमची घरे उघड्या दारांची आणि पत्र्यांची. तेथे मोटारीचे दार लागल्यासारखा वाटणारा आवाज आमच्या पत्र्याखाली तसाच वाटेल काय? गोठ्यातली नुकतीच व्यालेली गाय, दुपारी झोपलेले मूल, रात्रपाळी करून आलेला कामगार यांचे मत कोण घेणार? हे विचारण्याचे काम अभियंत्यांचे नाही. ते मानसशास्त्राच्या, समाजशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे आहे. प्रश्नावली तयार करणे, घरोघर जाणे, ऐकून घेणे आणि ते प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, हे आपण येथे शिकतोच. विज्ञानाच्या मंडळींनी दार आपटण्याऐवजी लोटण्याची युक्ती शोधली आहे. पण दार कोणाच्या घरावर, किती वेळा आणि कोणत्या वेळी लोटायचे, हे घरातल्यांना विचारूनच ठरले पाहिजे.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजीला हे सगळे जमेल तसे सांगितले. 'एन'चे दोन पाय जमिनीवर काडीने काढून दाखवले. तिने ते नीट पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं. मग तेव्हाच का नाही कोणी विचारलं मला?"